अडतीस अंशांचा टॅन

दहावीच्या गणितातला ‘उंची आणि अंतरे’ हा भाग विद्यार्थ्यांना आवडतो, शिक्षकांनाही आवडतो. आकृती काढली की काही गुण पदरात पडतात. कोन तीस, पंचेचाळीस किंवा साठ अंशांचा असणार, उत्तरात √३ येणार आणि त्याची किंमत १.७३ घ्यायची, हे आधीच ठाऊक असते. इतकी खात्री देणारा दुसरा भाग दहावीच्या गणितात क्वचितच सापडेल. माझी तक्रार या खात्रीबद्दलच आहे.

काही काळापूर्वी अमरावतीच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांबरोबर अर्धा दिवस घालवण्याचा योग आला. शाळेची इमारत तीन मजली, पुढे मोकळे पटांगण. मुलांनी कोनमापकाच्या सरळ कडेला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली आणि मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला सायकलचा नट बांधला. नळीतून गच्चीच्या कठड्याकडे पाहायचे, दोरा कुठे टेकतो ते शेजाऱ्याने वाचायचे आणि तो आकडा नव्वदातून वजा करायचा. गट पाडले, मोजपट्ट्या दिल्या आणि मी बाजूला उभा राहिलो.

एका गटाने भिंतीपासून १३ मीटरवर उभे राहून कोन वाचला. दोरा ५२ वर होता, म्हणजे उन्नत कोन ३८ अंश. वाचन चांगले होते. वहीत मात्र त्यांनी ३० अंश लिहिले, १३ ला १.७३ ने भागले आणि उंची साडेसात मीटर काढली. मी विचारले, ३८ चे ३० कसे झाले? गटातला मुलगा सहजपणे म्हणाला, “अडतीसचा टॅन त पुस्तकात नाही न, सर.”

तीन मजले साडेसात मीटरमध्ये बसवायचे तर स्लॅब धरूनही प्रत्येक मजल्याला अडीच मीटर येतात. त्याच शाळेच्या वर्गांची छते याहून उंच आहेत हे त्या मुलाला रोज दिसते. तरी उत्तर खटकले नाही. कारण त्याच्या मते ते उत्तर इमारतीचे नव्हतेच, गणिताचे होते.

दुसऱ्या गटातल्या एका मुलीने वेगळीच युक्ती केली. तिलाही ३८ चा टॅन माहीत नव्हता. पण ती कोन बदलत बसली नाही, स्वतःच जागा बदलत गेली. दोरा बरोबर ४५ वर येईपर्यंत ती पुढे सरकली आणि तिथे पायाने रेघ मारली. भिंतीपासून अंतर भरले सव्वादहा मीटर. त्यात तिने आपल्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची, १ मीटर ४० सेंटिमीटर, मिळवली आणि उत्तर सांगितले ११.६५ मीटर. नंतर गच्चीवरून शिक्षकांनी मोजपट्टी खाली सोडली, ती भरली ११.४ मीटर. पहिल्या गटाने आपल्या ३८ अंशांवर विश्वास ठेवला असता तर? १३ गुणिले ०.७८ म्हणजे सुमारे १०.२, अधिक डोळ्याची उंची १.४, म्हणजे ११.६ मीटर. त्यांचे मोजमाप मुलीच्या मोजमापाइतकेच चांगले होते. पुस्तकाने दिलेल्या सवयीने ते वाया गेले.

आता पुस्तकाची बाजूही पाहू. तीस, पंचेचाळीस आणि साठ अंशांची गुणोत्तरे समभुज त्रिकोण आणि चौरस यांच्यावरून सिद्ध करून दाखवता येतात, इतर कोनांची इतक्या सहज दाखवता येत नाहीत. परीक्षेत गणकयंत्र नसते. शिकवण्याच्या सुरुवातीला हे तीन कोन घेणे योग्यच आहे. अडचण अशी की सुरुवात तिथे होते आणि शेवटही बहुधा तिथेच होतो. हा दोष एखाद्या लेखकमंडळाचा किंवा एखाद्या वर्षीच्या पुस्तकाचा नाही. मी शिकलो त्या पुस्तकातही दीपगृहे, पतंग आणि वादळात मोडलेली झाडे होती आणि तीही याच तीन कोनांत मोडत असत. विदर्भात दीपगृह कोणी पाहिले होते कोण जाणे!

३८ अंशांचा टॅन पुस्तकात नसला तरी कागदावर मिळतो. एक मीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्यावे, १३ सेंटिमीटरची आडवी रेघ काढावी, एका टोकाला ३८ अंशांचा कोन करावा आणि दुसऱ्या टोकाला लंब उभारावा. तो लंब पट्टीने मोजला की काम झाले. आठवीच्या मुलाला जमेल असे हे काम आहे आणि त्यातून टॅन म्हणजे नेमके काय हे √३ पेक्षा अधिक चांगले कळते. आज घरोघरच्या फोनमध्ये कोणत्याही कोनाचा टॅन मिळतो हे खरेच, पण प्रमाणबद्ध आकृती आधी काढावी आणि फोन नंतर काढावा असे मी सुचवीन.

आता उत्तरातल्या आकड्यांकडे वळू. या प्रकरणातले पहिले उदाहरण साधारण असे असते: झाडापासून १० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला शेंडा ६० अंशांच्या उन्नत कोनात दिसतो, तर झाडाची उंची किती? उत्तर १७.३ मीटर. यातला शेवटचा ३ आला कुठून? झाडाकडून नाही, √३ कडून आला. शाळेतल्या दोरा-नटाच्या साधनाने कोन एका अंशाने इकडे-तिकडे वाचला जाणारच. ५९ अंश धरले तर उंची १६.६ येते, ६१ धरले तर १८.०. म्हणजे खरे बोलायचे तर उत्तर ‘सतरा मीटरच्या आसपास, पाऊण मीटर कमी-अधिक’ असे आहे. पण उत्तरपत्रिकेत एखाद्याने ‘सुमारे १७ मीटर’ लिहिले तर आपण काय करतो? बहुतेक ठिकाणी अर्धा गुण कापला जातो. जो विद्यार्थी मोजमापाशी प्रामाणिक राहिला त्यालाच आपण दंड करतो.

त्या माणसाचे डोळे कुठे आहेत हाही प्रश्न आहेच. आकृतीत दृष्टिरेषा बहुधा जमिनीतून निघते, जणू निरीक्षक पालथा पडून झाडाकडे पाहतो आहे. दहा-पंधरा मीटरच्या झाडाच्या बाबतीत डोळ्याची दीड मीटर उंची सोडून देणे म्हणजे दहा टक्के किंवा त्याहून मोठी चूक करणे होय. काही उदाहरणांत निरीक्षकाची उंची मुद्दाम दिलेली असते. मग ते उदाहरण ‘कठीण’ समजले जाते. वास्तविक तेच साधे उदाहरण आहे, डोळे नसलेला निरीक्षक हा कठीण प्रकार आहे.

झाडाचीही एक गंमत आहे. आकृतीतले झाड एक उभी रेघ असते आणि शेंडा बुंध्याच्या बरोबर वर असतो. आपल्या भागातला कडुनिंब तसा नसतो. जवळ उभे राहून वर पाहिले तर जे टोक दिसते ते शेंड्याचे नसून आपल्या बाजूला पसरलेल्या फांदीचे असते. तिचे आडवे अंतर बुंध्यापर्यंतच्या अंतरापेक्षा कमी असते, त्यामुळे उंची फुगून येते. दूर जावे तर खरा शेंडा दिसतो, पण कोन लहान होतो. कोन लहान झाला की अडचण वाढते. कोन ४५ अंशांच्या आसपास असताना एका अंशाच्या चुकीने उंचीत सुमारे साडेतीन टक्के फरक पडतो. तीस किंवा साठ अंशांना चार टक्के, पंचाहत्तर अंशांना सात टक्के आणि दहा अंशांना दहा टक्के. म्हणजे अमरावतीच्या त्या मुलीने सोय म्हणून निवडलेली जागा ही सर्वांत कमी चूक होणारी जागाही होती. हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि पुस्तकही सांगत नाही.

उंची काढण्याचा सर्वांत जुना मार्ग सावलीचा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) छायाव्यवहार असा स्वतंत्र भागच आहे. एका काठीची आणि तिच्या सावलीची लांबी माहीत असली की झाडाच्या सावलीवरून झाडाची उंची निघते, कोन मोजावा लागत नाही. मात्र अकोला-अमरावतीकडे मे आणि जुलैच्या उत्तरार्धात एकेक दिवस असा येतो की भर मध्यान्ही सूर्य डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावलीच उरत नाही. त्या सुमारास हा प्रयोग सकाळी करावा.

पायथ्यापर्यंत जाताच येत नसेल तर काय करायचे? अचलपूरजवळ हौज कटोरा नावाचा अष्टकोनी मनोरा एका हौदाच्या मधोमध उभा आहे. हौदात पाणी असताना पायथ्याशी टेप धरता येत नाही. अशा वेळी दोन जागांवरून कोन मोजायचे आणि त्या दोन जागांमधले अंतर मोजायचे, हा मार्ग पुस्तकात आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘गणित भाग २’ मध्ये नदीपलीकडच्या मनोऱ्याचे एक उदाहरण आहे. नदीच्या काठावरून कोन ६१ अंश, ५० मीटर मागे सरल्यावर ३५ अंश, मनोऱ्याची उंची आणि नदीची रुंदी काढा. टॅनच्या किमती १.८ आणि ०.७ अशा दिल्या आहेत. या उदाहरणाबद्दल मी लेखकांचा आभारी आहे. एक तर कोन नेहमीचे नाहीत, आणि दुसरे म्हणजे प्रश्न खरोखर पडण्याजोगा आहे. पण संधी अर्धीच साधली गेली. गणित केले की उंची सुमारे ५७ मीटर आणि रुंदी सुमारे ३२ मीटर येते. आता ३५ ऐवजी ३४ धरा, उंची ५४ होते. ३६ धरा, जवळजवळ ६१ होते. दोन्ही कोन एकेका अंशाने विरुद्ध बाजूंना चुकले तर उत्तर साडेबावन्नपासून साडेबासष्टपर्यंत कुठेही पडू शकते. इतके एकदा करून दाखवले असते तर हे उदाहरण सोन्याचे झाले असते. (नदीचा काठ सपाट असतो ही समजूतही तेवढीच पुस्तकी. आमच्या पूर्णेच्या काठावरून पन्नास मीटर मागे सरायचे म्हटले तर आधी घळी ओलांडाव्या लागतील आणि दोन जागांच्या पातळीत किती फरक पडला ते वेगळे मोजावे लागेल.)

या पद्धतीत मागे किती सरायचे हा खरा प्रश्न आहे. समजा मनोरा २० मीटर उंच आहे आणि आपण त्याच्या मध्यापासून ३० मीटरवर आहोत. केवळ ५ मीटर मागे सरलो तर दोन कोनांत जेमतेम चार अंशांचा फरक पडतो. प्रत्येक कोनात एक अंश चूक धरली तर उंची १३ मीटरपासून ४१ मीटरपर्यंत काहीही येऊ शकते. हे उत्तर असून नसून सारखेच! ३० मीटर मागे सरलो तर तीच चूक धरूनही उत्तर १७ ते २४ च्या दरम्यान राहते. सूत्र एकच, साधन एकच, कोन वाचणारा एकच. फरक पडला तो आधाररेषा कुठे आखली यामुळे. परीक्षेत ही आधाररेषा नेहमी आयती मिळते. विद्यार्थ्याला ती कधी निवडावी लागत नाही, म्हणून ती निवडण्यात काही अक्कल लागते हेही त्याला कळत नाही.

आणखी थोडे दूर पाहू. पावसाळा संपल्यावर स्वच्छ हवेत अकोल्याच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिथे, सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवर, नरनाळा किल्ला आहे. किल्ला समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांच्या वर, अकोला तीनशेच्या जरासे खाली. हिशेबासाठी फरक ६५० मीटर धरू. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे ६० किलोमीटर पाया आणि ६५० मीटर उंची यांवरून उन्नत कोन सुमारे ३७ मिनिटे यायला हवा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. चांगल्या उपकरणाने मोजला तर तो २३ मिनिटांच्या आसपास भरेल. तेवढ्या कोनावरून सूत्राने उंची काढली तर ती येते चारशे मीटर. अडीचशे मीटर कुठे गेले?

ते पृथ्वीच्या गोलाईआड गेले. अकोल्याची क्षितिजसमांतर रेषा सरळ पुढे वाढवली तर नरनाळ्यापर्यंत जाताना जमीन तिच्यापासून खाली खाली जात राहते. हा उतार काढण्याची रीत सोपी आहे. अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने भागायचे. ६० चा वर्ग ३६००, भागिले १२,७४२, म्हणजे ०.२८३ किलोमीटर किंवा २८३ मीटर. यातले सुमारे चाळीस मीटर हवा परत देते. जमिनीलगतची हवा अधिक दाट असल्यामुळे दूरच्या शिखराकडून येणारा किरण किंचित खाली वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा थोडे वर दिसते. हे अपवर्तन दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते. म्हणून सर्वेक्षण करणारे लोक उभे कोन दुपारी मोजत, त्या वेळी त्याचा उपद्रव कमी असतो. पुस्तकातल्या काटकोन त्रिकोणात तळाची बाजू सरळ असते. दहा मीटरवरच्या झाडासाठी ती सरळ मानायला काहीच हरकत नाही. पण ‘डोंगरांची उंची अशीच काढतात’ हे जे वाक्य आपण वर्गात सहज टाकतो, ते तेवढ्यापुरते खोटे असते.

हिमालयाच्या बाबतीत तर हा हिशेब कित्येक पटींनी मोठा होतो. पुढे एव्हरेस्ट असे नाव मिळालेल्या शिखराचे कोन बिहारच्या मैदानातल्या ठाण्यांवरून घेतले गेले. शिखरापासून पावणेदोनशे किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईचा उतारच २.४ किलोमीटर होतो. राधानाथ सिकदार आणि त्यांचे सहकारी यांच्या आकडेमोडीत टॅनचे कोष्टक हा सर्वांत सोपा भाग होता. अवघड भाग होता तो अपवर्तनासाठी किती वजा करायचे हे ठरवण्याचा. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती, म्हणजे ८,८४० मीटर. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेला आकडा आहे ८,८४८.८६ मीटर. शंभर मैलांहून दुरून मोजून नऊ मीटरांचा फरक!

हे मोजमाप ज्या सर्वेक्षणाने केले त्याचा कणा आपल्या वऱ्हाडातून गेला आहे, ही गोष्ट वऱ्हाडातल्या शाळांत सांगितली जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासपासून सुरुवात केली. त्याने दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे त्रिकोणांची जी साखळी नेली, तिचा मध्यान्हवृत्ताचा धागा साधारण ७७ अंश ४० मिनिटे पूर्व रेखांशावरून जातो. नकाशात पाहा, ही रेषा अमरावती शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर येते. एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत ‘टाकल खेरा’ असे लिहिलेले ठाणे आहे. तिथे लॅम्ब्टनने १८२२ मध्ये एक आधाररेषा मोजली. पुढच्याच वर्षी २० जानेवारीला, नागपूरकडे जात असता, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने टाकल खेऱ्यापासून पुढे सातपुडा आणि नर्मदा ओलांडून ही साखळी मध्य हिंदुस्थानात सिरोंजकडे नेली. १८३० मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो याच टप्प्याचा, १८ अंश ३ मिनिटांपासून २४ अंश ७ मिनिटांपर्यंतच्या अक्षांशांचा.

आधाररेषा मोजणे म्हणजे काय हे शिक्षकांनी जरूर समजून घ्यावे. शंभर फुटी पोलादी साखळी तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत ताणून धरायची. उन्हाने ती लांबू नये म्हणून वर तंबू ताणायचे आणि शेजारी तापमापक ठेवायचे. मग ती एकेक साखळी पुढे सरकवत काही मैल जायचे. कोन मोजण्याचे थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचे. एवढे करून टाकल खेऱ्याला पुन्हा आधाररेषा मोजायची गरजच काय होती? आधीची बिदरजवळची आधाररेषा होतीच, तिच्यावरून त्रिकोण सोडवत सोडवत इथल्या रेषेची लांबी गणिताने काढता येत होती. नेमके त्यासाठीच मोजायची. गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवर साखळीने भरलेली लांबी ताडून पाहायची. अमरावतीच्या शाळेत गच्चीवरून मोजपट्टी सोडली तीही याचसाठी. हे ताडून पाहणे आपल्या प्रकरणात कुठे येत नाही. तिथे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहायचे असते.

टाकल खेऱ्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोन मोजायला आधी ‘खाली’ कुठे आहे हे कळावे लागते, आणि ते ओळंबा सांगतो, मग तो अर्ध्या टनाच्या यंत्राचा असो की दोऱ्याला बांधलेला सायकलचा नट असो. एव्हरेस्टच्या लक्षात आले की या ठाण्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या उंच पठाराचे प्रचंड वस्तुमान आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओळंबा किंचित डोंगराकडे ओढला जाणार. हे विचलन काही सेकंदांचे, म्हणजे एका अंशाच्या हजारांश भागाच्या आसपासचे. पण साखळीच्या टोकांचे अक्षांश ज्या बारकाईने काढायचे होते, तिथे तेवढ्याने फरक पडत होता. म्हणून त्याने त्याचाही हिशेब केला. मेळघाटचे डोंगर ओळंबा ओढतात! अचलपूर-परतवाड्याच्या मुलांना न्यूटन शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण कुठे मिळणार?

शिक्षक मित्र यावर म्हणतील, आणि एकाने मला तसे म्हटलेही, की हे सगळे खरे, पण तास मोजके, परीक्षा बोर्डाची, आणि ज्या प्रश्नाला एकच उत्तर नाही तो तपासायचा कसा? पहिल्या दोन अडचणींवर माझ्याकडे उपाय नाही. तिसरीवर आहे. चूक मोजायला सांगणारा प्रश्न काटेकोरपणे तपासता येतो. नमुन्यादाखल एक प्रश्न देतो. यातले आकडे मी बसवलेले आहेत, पण अमरावतीच्या शिक्षकांनी मुलांना अंबागेटच्या किंवा जवाहर गेटच्या बाजूला परकोटाशी नेले तर खरे आकडेही मिळतील.

तीन गटांनी एकाच भिंतीची उंची मोजली. प्रत्येक निरीक्षकाचा डोळा जमिनीपासून १.४ मीटरवर होता. पहिल्या गटाने ३ मीटरवरून ६५ अंश कोन वाचला, दुसऱ्याने ६ मीटरवरून ४६ अंश, तिसऱ्याने २५ मीटरवरून १३ अंश. (टॅनच्या किमती कोष्टकातून घ्याव्यात.) तिघांची उत्तरे अनुक्रमे ७.८, ७.६ आणि ७.२ मीटर आली. कोनाचे प्रत्येक वाचन एक अंशाने कमी किंवा जास्त असू शकते असे धरून सांगा: तिन्ही गटांचे मोजमाप एकाच वेळी बरोबर असू शकेल काय? असल्यास भिंतीची उंची कोणत्या मर्यादेत आहे? आणि चौथ्या गटाला तुम्ही कुठे उभे कराल?

पहिल्या गटाची मर्यादा ७.५५ ते ८.१४ मीटर येते, दुसऱ्याची ७.४० ते ७.८३ आणि तिसऱ्याची ६.७१ ते ७.६३. तिन्हींत सामाईक पट्टा ७.५५ ते ७.६३ मीटरचा आहे. शेवटच्या उपप्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही. दोऱ्याला नट बांधून पटांगणात गेलेल्या विद्यार्थ्याला ते येईल.